शंकररावांचे दोन मैल

डेल्टन, कान्सास
३ ऑगस्ट

मैत्री,

जयभीम. आशीर्वाद या पत्रात नाहीत. राग उतरला की वेगळे पाठवीन.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. फोन कट करता येतो. पत्र फेकलं तरी टेबलावर पडून राहतं नि आपल्याकडे बघत बसतं. तुझी आई म्हणते, "आई, ती बिझी असेल हो, लॅब असते तिची." मी म्हटलं, सोनल, मी चौथी पास असले तरी एवढं कळतं मला. बिझी माणसाला फोन वाजलेला कळत नाही. ही दुसऱ्या रिंगला कापते.

आणि मराठी वाचता येत नाही असलं काही सांगू नकोस. तू सहा वर्षांची असताना मी नि तुझे आजोबा सहा महिने इथे राहून गेलो, तेव्हा याच ओट्यापाशी बसवून बाराखडी घोटून घेतली आहे तुझ्याकडून. अक्षर लावत लावत वाच. तेवढाच वेळ गप्प बसशील.

आता पाटीचं बोलू.

जूनमध्ये तू मला सांगितलंस, "आजी, त्र्याऐंशी नंबरच्या हायवेवर आजोबांचं नाव लागणार आहे." एवढंच सांगितलंस. मी काय समजणार? मी समजले, रस्त्याला नाव दिलं. हा रस्ता कॅनडाच्या हद्दीपासून निघून मेक्सिकोच्या हद्दीला टेकतो, हे तुझा बाप आल्यागेल्याला सांगत असतो. नाकासमोर जातो, वळायची अक्कलच नाही त्याला. दोन्ही बाजूंना गहू, गहू संपला की ज्वारी, दहा मैलांवरून धान्याचं पांढरं कोठार दिसायला लागतं नि तासभर गाडी चालवली तरी ते तिथेच. म्हटलं, असेना का ओसाड. रस्ता तो रस्ता. मी नागपूरला बहिणीला फोन करून सांगितलं की अमेरिकेने भाऊजींच्या नावाचा रस्ता केला. तिने वस्तीत पेढे वाटले. ते पेढे आता कुणाच्या पोटातून काढू?

जुलैत तू आलीस, त्या शनिवारी मी सोनलच्या मागे लागले, चल, पाटी दाखव. जांभळी काठाची साडी नेसले. आणि बघते तर काय! निळ्या पाटीवर यांचं नाव, आणि पाटीखाली माझी नात, ॲन आर्बरला पीएच.डी. करणारी, नारिंगी जाकीट घालून रस्त्याकडेच्या चरात उतरलेली. एका हातात चिमटा, एका हातात कचऱ्याची पिशवी. तुझ्या बापाच्या हॉस्पिटलातल्या चार नर्सा तशाच. नंतर सोनलने सांगितलं, इथे कुणीही रस्त्याचे दोन मैल दत्तक घेतं, वर्षातून तीनदा झाडतं, त्याबदल्यात सरकार नावाची पाटी लावतं. चर्चवाले घेतात, बँकवाले घेतात. मला पाटीचं कळवलंस. झाडण्याचं कळवायला तोंड नव्हतं?

ते तरी गिळलं असतं. पण तुझ्यापुढे हरीण मरून पडलं होतं, ट्रकने उडवलेलं, पोट फुगलेलं. आणि तू त्याच्यावर वाकली होतीस.

माझा हात लागला तुला. लागला असेल. त्याचं एवढं मनाला लावून दुसऱ्या दिवशी जयभीम न करता निघून जायचं?

पाटी काढ. माझ्या नवऱ्याचं नाव घाणीवर नको.

आजी

२४ ऑगस्ट

मैत्री,

तुझं पत्र मिळालं. अकरा ओळी. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने पाय ओढल्यासारखं. तरी मराठीत लिहिलंस, एवढं मान्य.

तू लिहितेस, हात लागला नाही, तू मारलंस. सगळ्या नर्सांसमोर मारलंस.

बरं, मारलं. पुढे?

पुढे लिहितेस, "आजोबांनी आयुष्यभर रस्ते बांधले, पण एकाही रस्त्यावर त्यांचं नाव नाही. म्हणून मी केलं. आता रस्ते खात्याच्या ऑफिसला ईमेल केला आहे, आम्हाला नको, पाटी काढा. हॅपी?"

हो, हॅपी. पण तुला मार कशाचा बसला तेवढं ऐकून घे. हे तुझ्या आजोबांनी तुला कधी सांगितलं नसणार. मलाही लग्नानंतर सात वर्षांनी सांगितलं, तेही सासूबाई गेल्या त्या दिवशी.

ते एकोणीस वर्षांचे होते. गावच्या पाटलाचा बैल मेला. निरोप आला, उचला. तशी रीतच होती, गावातलं मेलेलं ढोर आमच्या लोकांनी ओढून न्यायचं. बाबासाहेबांनी सांगून झालं होतं की हे काम सोडा. दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली होती. घरातले देव नदीत गेले होते. पण निरोप यायचा तो यायचाच. हे चावडीवर जाऊन म्हणाले, "ज्याचा बैल त्याने उचलावा." बस. याच्यावर एक शब्द नाही.

तीन दिवस बैल तिथेच. वाऱ्याने वास सगळ्या गावात. दुकानदाराने मीठ द्यायचं बंद केलं. शेतावर कुणी कामाला घेईना. सासूबाई बाहेर निघाल्या तर दगड आला. आणि चौथ्या दिवशी बैल कुणी ओढला माहीत आहे? यांच्या सख्ख्या काकाने. घरात चार लेकरं उपाशी होती त्याच्या. त्याला नावं ठेवू नकोस. मी ठेवत नाही.

त्याच दिवशी हे आईला घेऊन गाव सोडून निघाले ते रस्त्याच्या कामावर लागले. डांबर तापवलं, रोलर चालवला, शेवटी मुकादम झाले. बहात्तरच्या दुष्काळात मी पण त्यांच्याच रस्त्यावर खडी फोडली. रस्ता झाला की मंत्री यायचा, दगडावर मंत्र्याचं नाव. हे तू बरोबर लिहिलंस. पण जन्मभर त्या माणसाने मेलेल्या जनावराकडे बघितलं नाही. वाटेत मेलेलं कुत्रं दिसलं तर सायकल फिरवून दोन कोस लांबून घरी यायचे. जेवायला उशीर झाला की मी ओरडायचे. मला काय माहीत?

आणि त्यांच्या नावाखाली त्यांची नात हरणाला हात लावते.

तू ईमेल केलास ते ठीक केलंस. विषय संपला. थंडी सुरू व्हायच्या आत जाड मोजे घे. तुझी आई पाठवणार आहे, पण तिला माप माहीत नाही.

आजी

१५ सप्टेंबर

मैत्री,

विषय संपला नाही.

हे पत्र तुझ्या आईबापाला दाखवू नकोस. तुझी आई टाकायला नेते, पण पाकीट मीच चिकटवते.

काल पुरुषोत्तम आणि वीणा जेवायला आले होते. तुला ठाऊकच आहेत, त्र्याऐंशीवरूनच दक्षिणेला दीड तासावर राहणारे, तो मांस पॅक करायच्या कारखान्यात इंजिनियर. दोनशे मैलांत आपल्याशिवाय तेच एक मराठी घर, म्हणून तुझा बाप त्यांना जिवाच्या पलीकडे जपतो. ते यायचे असले की काय होतं ते तू शाळेत असल्यापासून बघितलंस. दिवाणखान्यातला बुद्ध चालतो, तो इथे गोऱ्यांच्या घरीही असतो, शोभेला. बाबासाहेबांचा फोटो मात्र माझ्या खोलीत येतो. तुझा बाप सांगतो, "आई, तुझ्या खोलीत बरा दिसतो." दहा वर्षांत मी विचारलं नाही की फक्त रविवारीच कसा बरा दिसतो.

तर जेवण चाललं होतं. वीणा म्हणाली, "अगं सोनल, गंमत सांगायची राहिली. येताना हायवेवर एक पाटी दिसली. शंकरराव खोब्रागडे! मी म्हटलं, अय्या, इथे कोण आलं आपल्याकडचं?" पुरुषोत्तम हसून म्हणाला, "आपल्याकडचं म्हणजे..." आणि थांबला. नंतर म्हणाला, "नाही, म्हणजे विदर्भातलं दिसतं. तू ओळखतोस का रे, राकेश?"

महाराष्ट्रातल्या माणसाला आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. म्हणून तर तुझ्या बापाने अमेरिकेत पाय ठेवल्या ठेवल्या आडनाव गाळलं नि बापाचं नाव ओढून त्या जागी बसवलं. राकेश शंकर. हॉस्पिटलात सगळे डॉक्टर शंकर म्हणतात. मी आजवर म्हणायचे, असू दे, बापाचंच नाव आहे.

तर तुझ्या बापाने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "नाही रे. माहीत नाही कोण आहेत."

माझ्या हातात वाढायची पळी होती. समोर माझ्या नवऱ्याचं नाव विचारलं गेलं, आणि त्याच्याच पोटच्या पोराने, ज्याला डॉक्टर करायला त्या माणसाने पायाला डांबर भाजून घेतलं, त्याने सांगितलं माहीत नाही. सोनलने खाली बघितलं. वेद बसला होता, तुझा भाऊ, त्याने तोंड उघडलं, "बट डॅड, दॅट्स..." तर आईने त्याला कोक आणायला आत पाठवलं. सोळा वर्षांचा घोडा, तो पण गेला मुकाट्याने.

तू विचारशील, आजी, तू काय बोललीस?

वरण वाढलं. वीणाला म्हटलं, अजून घे. 

हे मी तुला तोंडावर सांगू शकले नसते, म्हणून पत्राचा उपयोग.

ते गेल्यावर मी तुझ्या बापाला धरला. तर तो उलट माझ्यावर! "आई, तूच म्हणत होतीस ना, पाटी काढा? आता काय झालं?" मी म्हटलं, मी घाणीवर नाव नको म्हटलं होतं. नावच नको असं म्हटलं नव्हतं. तर म्हणतो, "तुला माहीत नाही मी काय सोसलंय. हॉस्टेलमध्ये पाच वर्षं मला कोणत्या नावाने हाक मारायचे, माहीत आहे तुला? मला माझ्या मुलांना ते द्यायचं नाही. तुला नाही कळणार."

मला नाही कळणार. मला!

मी खोलीत जाऊन फोटो उचलला नि दिवाणखान्यात होता तिथे आणून टांगला. खिळ्यावर वाकडा बसला आहे. कुणी सरळ करत नाही, कुणी काढतही नाही.

आजी

१ ऑक्टोबर

मैत्री,

मोजे पोचले का? तुझ्या पत्रात त्याचं काही नाही. तू लिहितेस, "आजी, बाबांवर रागावू नकोस, त्यांना पण ट्रॉमा आहे." मला तो शब्द सोनलने समजावला. असेल. मी रागावणार.

काल सोनलला म्हटलं, मला पाटीपाशी ने. पाटी गेली की आहे हे डोळ्यांनी बघायचं होतं. आहे. वारा एवढा की पदर धरावा का पाटीचा खांब धरावा कळेना. शेजारून गुरांचे ट्रक जातात, एकेक ट्रक गेला की अंगावर वासाची लाट. चरात बघितलं. बिअरचे डबे, टायरच्या चिंध्या, आणि बाटल्या. बाटलीत पिवळं पाणी. मी सोनलला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आई, ट्रकवाले थांबत नाहीत, बाटलीतच करतात आणि फेकतात." एवढा मोठा देश! चंद्रावर जाऊन आले म्हणे. 

तेवढ्यात रस्ते खात्याचा ट्रक आला. त्यातून एक बाई उतरली. माझ्यासारखीच बुटकी, साठीच्या घरातली, शर्टावर नाव शिवलेलं, सोनलने वाचून सांगितलं, डार्लीन. तिने ट्रकच्या मागे बांधलेली साखळी काढली, पुढे रॅकून, म्हणजे इथलं मांजराएवढं रानटी जनावर, मेलेलं पडलं होतं ते फावड्याने उचललं नि टाकलं मागे. मी बघत राहिले. 

सोनलने ओळख करून दिली, ही शंकररावांची बायको. तर त्या बाईने हातमोजा काढला, हात पुसला नि माझ्याशी हात मिळवला. म्हणाली, तुमच्या नातीला मी ओळखते. जुलैत त्या हरणासाठी तिनेच मला फोन केला होता.

मी सोनलला म्हटलं, नीट विचार. काय फोन केला?

तर असं आहे म्हणे की जे कचरा उचलायला येतात त्यांना मेलेल्या जनावराला हात लावायची बंदी आहे. ते फक्त खात्याचं काम. तू तिला फोन केलास, आणि तिला लांबून दिसावं म्हणून हरणाशेजारी काडीला नारिंगी फडकं बांधत होतीस. त्यासाठी वाकली होतीस.

तू मला हे सांगितलं का नाहीस? मी ऐकलं नसतं म्हणून? नसतंच ऐकलं. तरी सांगायचं होतंस.

गालावर मारलं होतं मी. उजव्या हाताने, बांगड्यांसकट. आता लिहून टाकलं.

मग मी डार्लीनला विचारलं, तू हे काम का करतेस? म्हणाली, माझा बाप हेच करायचा, याच रस्त्यावर. मी म्हटलं, त्याला नाही म्हणता येत होतं? तिला प्रश्नच कळेना. सोनलने दोनदा सांगितला. मग म्हणाली, येत होतं की. माझा भाऊ नाही म्हणाला, तो बँकेत आहे. आम्ही रविवारी एकाच टेबलावर जेवतो.

एवढंच मला ऐकायचं होतं. काम तेच गं. पण तिच्या भावाला नाही म्हणता आलं, आणि कुणी त्याचं मीठ बंद केलं नाही.

निघताना ती म्हणाली, पाटी जाणार म्हणून वाईट वाटतं. एकाच घरातून दोनदा सांगणं आलं, आधी डॉक्टरांचं, मग मुलीचं. मी म्हटलं, आधी कुणाचं? म्हणाली, डॉक्टरांचं. पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या आईला आवडत नाही, असं म्हणाले.

माझ्या आईला आवडत नाही! पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेढ्यांचा फोन करत होते!

तर आता ऐक. पाटी अजून गेलेली नाही, कारण मोसमाच्या शेवटापर्यंत ते वाट बघतात. एकोणीस ऑक्टोबरच्या आत ते दोन मैल कुणी साफ केले नि कागदावर सह्या करून दिल्या, तर पाटी राहते. नाहीतर एक चर्च टपून बसलं आहे. तू तुझा ईमेल मागे घे. आजच. तू येऊ नकोस, परीक्षा आहे तुझी. इथलं मी बघते.

आजी

२० ऑक्टोबर

मैत्री,

काल रविवार होता, शेवटचा दिवस. तो दिवस मी मुद्दाम धरला. वीणा नि पुरुषोत्तम दिवाळीचा फराळ घेऊन दुपारी बाराला येणार हे मला महिनाभर आधी माहीत होतं. तुझ्या बापाने त्यांच्यासाठी दारात आकाशकंदीलही लावला होता. आपल्या घरात दिवाळी कधी झाली? पण लावतो.

सकाळी आठला मी साडीवर सोनलचा जाड कोट चढवला, त्यावर नारिंगी जाकीट. आरशात बघितलं तर सर्कशीतली दिसत होते. तुझ्या बापाने विचारलं, "आई, हे काय नाटक?" मी म्हटलं, तुझ्या बापाचे दोन मैल झाडायला चालले. "तू? तूच म्हणायचीस..." मी म्हटलं, मला कुणी निरोप पाठवलेला नाही. मी माझ्या मनाने चालले. तुला यायचं तर ये, नाहीतर सोनल नेते.

तो आला. पण गाडीत बसून राहिला, काचा वर करून. म्हाताऱ्या आईला हायवेवर सोडलं असं व्हायला नको म्हणून आला. मी, सोनल आणि वेद. नर्सांपैकी दोघी आल्या, त्यांनी मला मिठी मारली. त्या दिवशीचं मनात ठेवलेलं नाही असं दाखवलं. मी पण दाखवलं.

तुला खोटं कशाला सांगू, पहिला डबा चिमट्याने उचलला तेव्हा तो पिशवीत टाकायच्या आधी थांबले. वाटलं, हे बघत असतील तर काय म्हणतील. मग दुसरा उचलला. मग ती बाटली आली. बाटली मी वेदला उचलायला लावली. कमरेचा काटा ढिला झाला आहे, सारखं वाकता येत नाही, चिमटा लांब आहे म्हणून निभावलं. तीन तासांत दीड मैल झाला, त्यातला माझा किती ते विचारू नकोस. पाटीपाशी मात्र मी एकटीने केलं. खांबाभोवतीची हात हात वाढलेली वाळकी झुडपं उपटली, कुणाला हात लावू दिला नाही.

तिथेच मी उभी होते नि त्यांची पांढरी गाडी आली. पुढे जाऊन थांबली, मागे आली. वीणा काच खाली करून म्हणाली, "काकू? अहो, तुम्ही इथे काय करताय?"

मी म्हटलं, "त्या दिवशी विचारत होतीस ना, शंकरराव खोब्रागडे कोण? माझे मालक. मी रमाबाई शंकरराव खोब्रागडे. हा त्यांचा नातू. ती त्यांची सून, आणि गाडीत लपून बसला आहे तो त्यांचा मुलगा."

वीणा म्हणाली, "अहो, मग आधी सांगायचं नाही का? आम्ही नाही हो काकू तसलं काही मानत."

मी म्हटलं, "मग तोंड का उतरलं तुझं?"

पुरुषोत्तमाने मोबाईलकडे बघितलं नि म्हणाला, "वीणा, माझा एक कॉल आहे गं, विसरलोच." रविवारी दुपारी बाराला कॉल! वीणा गाडीतून उतरली. पाटीकडे बघत उभी राहिली बराच वेळ. मग फराळाचा डबा माझ्या हातात दिला, कचऱ्याचा हात होता माझा, तरी दिला. आणि गाडी वळवून ते गेले. त्या बाईबद्दल काय समजायचं ते मला अजून कळलेलं नाही. डबा ओट्यावर आहे, उघडलेला नाही.

गाडी गेल्यावर तुझा बाप उतरला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडलाच. "झालं समाधान? दहा वर्षांची मैत्री होती ती माझी!" मी म्हटलं, "तुझी कुठे? त्यांची ओळख राकेश शंकरशी होती. तुला तर ते अजून भेटलेलेच नाहीत."

तो रस्त्याकडे बघत राहिला. दोन ट्रक गेले. मग माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली नि उरलेला अर्धा मैल चालू लागला. जाकीट नाही, हातमोजे नाहीत, हॉस्पिटलात घालतो ते चकाकणारे बूट. सोनल मागून ओरडली, "अरे, जॅकेट तरी घाल, गाड्या जातायत!" वेदने स्वतःचं काढून नेऊन दिलं. मी गाडीत बसून राहिले. माझ्या पायात गोळे आले होते. दुसरं काही नाही.

तीनला डार्लीन कागद घेऊन आली. ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांनी एकाखाली एक नाव लिहून सही करायची. मी सगळ्यात वर मराठीत केली, पूर्ण, तिन्ही नावांसकट. विचारलं, चालेल का? म्हणाली, तुमचं नाव आहे, तुम्हाला हवं तसं लिहा. सोनलने केली, वेदने केली, नर्सांनी केली. शेवटी तुझ्या बापाने पेन घेतलं. गाडीच्या टपावर कागद ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपर टेकवलं, आणि लिहिलं.

पाटी राहिली. पुढची सफाई एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात. तुझं तिकीट आत्ताच काढ. त्या गालाचं जे काय करायचं ते तेव्हा माझ्याशी समोरासमोर कर.

त्या कागदाची झेरॉक्स सोबत घातली आहे. मला इंग्रजी वाचता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि तुझ्या बापाला मी विचारणार नाही. पण दहा वर्षं औषधाच्या चिठ्ठ्यांवर त्याची सही बघते आहे, राकेश शंकर केवढं असतं ते मला ठाऊक आहे. हे शेवटचं नाव त्याहून लांब आहे. कागदाच्या कडेपर्यंत गेलं आहे.

काय लिहिलं आहे ते वाच नि मला फोन कर. मी पहिल्या रिंगला उचलीन.

आजी